विभागाची गोगलगाय

"ही ओळ काय करते?" मी विचारलं.

प्रणित चौगुलेनं स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा स्क्रीनकडे. त्याचा प्रोग्रॅम बिनचूक चालत होता. माशांच्या लांबीची सरासरी काढत होता, आलेख काढत होता, आलेखाला रंगसुद्धा देत होता.

"ती ओळ, मॅडम," तो शांतपणे म्हणाला, "तिथं बरी दिसते."

मागच्या बाकांवर खसखस पिकली.

"आणि ही सगळ्यात वरची टीप? ही वाचलीस का?"

त्यानं ती वाचली नव्हती. मग मीच मोठ्यानं वाचून दाखवली. 'नक्कीच. खाली दिलेला प्रोग्रॅम एखाद्या मध्यम हुशार विद्यार्थ्यानं स्वतः लिहिल्यासारखा वाटेल.'

"मध्यम का सांगितलंस रे?"

"एकदम हुशार सांगितलं असतं तर तुम्हाला पटलं नसतं की, मॅडम."

मला हसू आलं आणि ते लपवायला मी फळ्याकडे वळले. चॅटबॉट तेव्हा नवे नवे होते. कोल्हापूरच्या दक्षिणेला डोंगराच्या कुशीत एक लहानसं, नव्यानं सुरू झालेलं विद्यापीठ होतं. तिथल्या प्राणिशास्त्र विभागात मी तासिका तत्त्वावर एम.एस्सी.च्या मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवत होते. ही मुलं शेपटीवरून साप ओळखायची. मधमाशीचा पाय सूक्ष्मदर्शकाखाली धरून तासभर बघायची. पण कॉम्प्युटरसमोर बसली की खिशातला मोबाइल काढून प्रश्न त्याच्या पुढ्यात टाकायची आणि तो देईल ते माझ्या पुढ्यात आणून ठेवायची. माझी अवस्था पोस्टमनसारखी झाली होती. कुणाचं तरी कुणाला तरी आलेलं मी नुसतं इकडून तिकडे पोहोचवत होते.

त्याच दुपारी विभागप्रमुखांनी केबिनमध्ये बोलावलं. डॉ. शिरगुप्पे म्हणजे खेकड्यांचा माणूस. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांवर त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं. चंदगड, तिलारीकडचा कुठलाही ओढा ते नुसत्या पाण्याच्या आवाजावरून ओळखतील अशी मुलांमध्ये वदंता होती. निवृत्तीला थोडाच काळ उरला होता. विभागात सगळे त्यांना टरकून असत.

"बसा, तोरस्करबाई," ते म्हणाले. "तुमच्या त्या पेपरबद्दल बोलायचंय. मशीनच सगळा प्रोग्रॅम लिहून देतंय असं ऐकतोय."

"देतंय, सर. पण मुलांना तो वाचता येत नाही."

"मग न वाचता चालतंय ना? आम्ही लॉगॅरिदमची टेबलं टाकून दिलीच की. कुणाचं काय अडलं?" त्यांनी चष्मा पुसला. "सत्र संपल्यावर अभ्यास मंडळाची बैठक आहे. हा पेपर ठेवायचा की काढायचा, ते तिथं ठरेल. आधीच कानावर घालतोय, नंतर वाईट वाटू नये म्हणून."

पेपर गेला की मी गेले, हे दोघांनाही माहीत होतं. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही, एवढा सभ्यपणा त्यांच्यात होता.

मी सावंतवाडीची. आमच्याकडे रागावलेली माणसं गप्प बसतात आणि काहीतरी उद्योग शोधतात. मीही उद्योग शोधला.

पुढच्या आठवड्यात मी वर्गात जाहीर केलं की विभागानं स्वतःचा चॅटबॉट तयार केला आहे. त्याचं नाव गोगलगाय. विभागातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवरून उघडायचा. वर गोगलगायीचं चित्र, खाली लिहायची चौकट. नाव टाकायचं नाही. पहिल्यांदा पान उघडलं की आपोआप पाहुणा अमुक असा आकडा मिळतो आणि तोच कायम राहतो. कोण काय विचारतंय ते कुणालाही कळत नाही. प्रॅक्टिकलच्या वेळात चालू, आणि नंतर संध्याकाळच्या बसपर्यंत चालू.

"मशीन जुनं आहे," मी सांगितलं, "त्यामुळं हळू चालतं. नाव उगाच ठेवलेलं नाही. आणि अजून एक. परीक्षेत मोबाइल नाही, इंटरनेट नाही. मदत म्हणून फक्त गोगलगाय."

"चांगलं आहे काय ते, मॅडम?" प्रणितनं विचारलं.

"विचारून बघ."

प्रयोगशाळेला लागून नमुने ठेवायची खोली होती. फॉर्मॅलिनच्या बरण्यांमध्ये साप, सरडे, एक दोन डोक्यांचं वासरू. त्यांच्या मधोमध एक टेबल आणि टेबलावर एक कॉम्प्युटर. मुलांना काम देऊन मी त्या खोलीत जायचे. पेपर तपासते असं सांगून दार लोटून घ्यायचे आणि गोगलगाय व्हायचे.

पहिल्या दिवशी पाहुणा चारनं हुकूम सोडला, 'प्रोग्रॅम दे.'

'कशाचा?' मी लिहिलं.

'प्रश्न तीनचा.'

'प्रश्न तीन काय म्हणतो?'

'तूच वाच की.'

'मला डोळे नाहीत. तू वाच आणि तुझ्या शब्दांत सांग.'

भिंतीपलीकडून कुजबुज ऐकू आली. मग अक्षरं उमटली, 'तुझ्यापेक्षा मोबाइल बरा.'

'बरा आहे. पण त्याला परीक्षेला बसता येत नाही.'

भिंतीपलीकडे हशा पिकला आणि मला कळलं की हे चालणार.

गोगलगाय पूर्ण प्रोग्रॅम कधीच द्यायची नाही. एखादी ओळ द्यायची आणि उलट प्रश्न विचारायची. शिवाय मी एक खोडी केली. गोगलगाय रोज एक चूक मुद्दाम करेल आणि ती पकडणाऱ्याला एक शंख मिळेल, असं जाहीर केलं. शंखाचा उपयोग काय, ते सांगितलंच नाही. तरी पोरं शंखांसाठी वेडी झाली. जी मुलं एक ओळ वाचायला तयार नव्हती, ती आता प्रत्येक ओळीकडे संशयानं पाहू लागली. कंस मोजू लागली. मोबाइलवरून आणलेला प्रोग्रॅमसुद्धा आता माझ्या पुढ्यात येण्याआधी चार डोळ्यांखालून जायचा. "हे पण मुद्दाम चुकवत असंल," असं ती आपसांत म्हणायची.

अर्थात गोगलगायीला फक्त प्रोग्रॅमिंगचंच विचारत होते असं नाही. एकानं विचारलं, 'आमच्या तोरस्कर मॅडम कशा शिकवतात?'

हे आता काय बोलावं. मी लिहिलं, 'मला माहिती नाही. तुम्हाला काय वाटतं?'

'बऱ्या आहेत. पण फळा पुसताना बोलतात, निम्मं कळत नाही.'

मला ते लागलं. दुसऱ्या दिवसापासून मी फळा पुसताना गप्प बसू लागले. मग गोगलगायीकडे माझ्याविषयी आणखी माहिती येऊ लागली. मॅडम फार भरभर बोलतात. मॅडमनी उदाहरणं माशांची द्यावीत, बँकेची नकोत. शुक्रवारी लवकर सोडलं की पोरं शनिवारी मन लावून काम करतात. मी हे सगळं प्रामाणिकपणे अमलात आणत गेले. लागोपाठ दोन शुक्रवार लवकर सोडलंसुद्धा. मग एक दिवस मजकूर आला, 'तोंडी परीक्षा घेतल्यानं विद्यार्थ्यांचा रक्तदाब वाढतो, असं शास्त्र सांगतं. हे मॅडमपर्यंत पोहोचलं तर बरं.'

मी दार किंचित उघडून पाहिलं. प्रणित स्क्रीनपुढे हात जोडून बसला होता आणि शेजारचे तिघं तोंडात रुमाल कोंबून हसत होते.

म्हणजे त्यांना कळलं होतं. मी दार हळूच लोटलं आणि लिहिलं, 'शास्त्र असंही सांगतं की रक्तदाब वाढला की मेंदूला रक्त पोहोचतं. तोंडी परीक्षा होईल. तुझी पहिली.'

यावर कुणी काही बोललं नाही. त्यांनी नाही, मीही नाही. खेळ तसाच चालू राहिला. मी गोगलगाय असल्याचं त्यांना माहीत आहे हे मला माहीत होतं, तरी प्रश्न मात्र ते तिलाच विचारत. मला समोर उभं राहून कुणी 'लूप म्हणजे काय' असं कधीच विचारलं नसतं. एम.एस्सी.ला आल्यावर असलं विचारतात होय.

आणि एक पाहुणा असा होता की ज्यानं कधी थट्टा केली नाही. पाहुणा नऊ.

तो यायचा प्रॅक्टिकल संपल्यावर, प्रयोगशाळा रिकामी झाली की. पहिल्या दिवशी त्यानं लिहिलं होतं, 'नमस्कार. एक मूर्ख प्रश्न विचारायचा आहे.'

'इथे सगळेच तसे विचारतात. विचार.'

'लूप, लूप असं सगळे म्हणतात. ते नेमकं काय असतं?'

मी दाराच्या फटीतून पाहिलं. प्रयोगशाळेत कुणी दिसलं नाही, पण खुंटीला अल्फिया मुल्लाची निळी पिशवी लटकत होती. अल्फिया गडहिंग्लजहून येऊन-जाऊन करायची. बस उशिराची असल्यानं रोज मागं थांबायची, कधी ग्रंथालयात, कधी स्लाइड बघायच्या खोलीत. वर्गात तोंडातून शब्द काढायची नाही. प्रश्न विचारला तर ओढणीचं टोक मुठीत धरून खाली बघायची. विभागभर कॉम्प्युटर विखुरलेले, त्यातल्या एखाद्यावर बसून ही पोर एकटीच विचारतेय, हे माझ्या मनात पक्कं बसलं.

मी जीव ओतून उत्तर दिलं. 'समज, तू ओढ्याच्या काठानं चालली आहेस. एक दगड उचलायचा. खाली खेकडा आहे का बघायचं. असला तर मोजायचा. दगड जसा होता तसा ठेवायचा. पुढच्या दगडाकडे जायचं. दगड संपेपर्यंत हेच. याला लूप म्हणतात.'

पलीकडून आलं, 'दगड पुन्हा ठेवायचा, हे तुला कुणी शिकवलं?'

'आमच्या विभागप्रमुखांनी. सहलीत मी ठेवला नव्हता, तर चारचौघांत रागावले.' पाठवल्यावर जीभ चावली. गोगलगाय कुठली सहलीला जायला. पण पाहुण्यानं ते मनावर घेतलेलं दिसलं नाही.

'बरं करतात,' एवढंच आलं.

त्यानंतर पाहुणा नऊ रोज येऊ लागला. त्याचं मराठी शुद्ध, विरामचिन्हांसकट. त्याला घाई नसायची. एकच खोड होती, कंस उघडायचा आणि बंद करायला विसरायचा, रोज. मी रोज सांगायचे, 'कंस.' तो रोज लिहायचा, 'क्षमस्व.'

मी वर्गात अल्फियाकडे वेगळ्या नजरेनं बघू लागले. तिला पुढच्या बाकावर बसवलं. जाता जाता हळूच म्हणायचे, "काल छान विचारलंस." ती गोंधळून बघायची. एकदा तिच्या वहीत कंस बंद केलेला दिसला तर मी एवढी खूश झाले की सगळ्या वर्गासमोर शाबासकी दिली.

"मॅडम, मी काय केलो?" तिनं भीत भीत विचारलं.

"तुला माहिती आहे," मी डोळे मिचकावले.

तिला काहीच माहिती नव्हतं. पण आपल्यात काहीतरी आहे असं मॅडमना वाटतंय, म्हणजे असेलच, असं तिनं ठरवलं असावं. ती जिद्दीला पेटली. महिन्याभरात तिच्याकडे प्रणितपेक्षा जास्त शंख झाले. मला वाटलं, बघा, गोगलगायीची शिकवणी कामाला आली.

सत्र संपत आलं तेव्हा पाहुणा नऊनं वेगळाच प्रश्न विचारला. 'तक्त्यात एखादा खण रिकामा असेल, तर मशीन काय समजतं?'

'मशीन काहीच समजत नाही. सांगू तसं करतं. पुष्कळदा असे खण गाळूनच टाकतं आणि उरलेल्यांची सरासरी काढतं.'

'गाळून टाकतं म्हणजे? तो दिवस झालाच नाही असं?'

'हो. तिथं कुणी गेलंच नव्हतं, की जाऊन काही सापडलं नाही, हे त्याला कसं कळणार?'

पाहुणा उठून गेला असं मला वाटलं. मी कॉम्प्युटर बंद करायला हात नेला तोवर अक्षरं उमटली.

'गेलो होतो.'

'गेलो' वाचून क्षणभर मी थबकले. मुलगी असती तर 'गेले' लिहिलं असतं. पण मग आठवलं की कोल्हापूरकडच्या बायका, पोरी सगळ्या 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. अल्फियाच परवा 'मी काय केलो' म्हणाली होती. आम्हा कोकणातल्या माणसांच्या कानाला तेवढंच खटकतं. म्हणून मी विषय सोडून दिला आणि तिला दोन ओळी शिकवल्या. जिथं गेलो नाही त्या नोंदी आधी वगळायच्या कशा, आणि जिथं जाऊन काही मिळालं नाही तिथं शून्य भरायचं कसं. कंस बंद करायची आठवण केली.

'क्षमस्व,' पाहुणा म्हणाला.

अभ्यास मंडळाची बैठक विभागाच्या संग्रहालयात होती. मी तासिका तत्त्वावरची, मला मत नव्हतं. विषय माझा म्हणून फक्त कोपऱ्यातली खुर्ची दिली होती. पुण्याहून डॉ. पारसनीस नावाचे बाहेरचे तज्ज्ञ आले होते. माणूस हसतमुख, बोलणं गोड, लॅपटॉप झकास.

"मी या विषयाच्या विरोधात नाही," ते म्हणाले. "पण सहा महिने मुलांना जे शिकवायचं ते मशीन मिनिटात करतं. दाखवतो. तुमच्याकडे काही आकडेवारी आहे?"

शिरगुप्पे सरांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला. "माझे खेकडे आहेत. वर्षानुवर्षांचे. अजून कुणाला दिले नव्हते."

पारसनीसांनी फाइल चॅटबॉटला दिली, दोन वाक्यं लिहिली आणि हातांची घडी घातली. भिंतीवरच्या पडद्यावर प्रोग्रॅम भराभरा उमटत गेला. मग आलेख. चंदगडकडच्या ओढ्यांतल्या खेकड्यांची सरासरी, वर्षामागून वर्ष. रेघ जवळजवळ सपाट होती, शेवटी किंचित वर गेलेली.

"अभिनंदन, सर," पारसनीस म्हणाले. "तुमचे खेकडे सुखरूप आहेत."

मंडळातली माणसं हसली. कुणीतरी चहा मागवा म्हणालं. मी मनातल्या मनात माझ्या टेबलाचा खण आवरायला घेतला.

शिरगुप्पे सर हसले नाहीत. ते उठून पडद्याजवळ गेले, चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

"जरा वर घ्या," ते म्हणाले. "अजून वर. थांबा. ही ओळ काय करते?"

पारसनीस वाकून बघू लागले. "ही... ही माहिती साफ करते. नेहमीची ओळ आहे."

"साफ म्हणजे काय करते?"

"म्हणजे अर्धवट नोंदी काढून टाकते."

"अर्धवट नाहीत त्या." सरांचा आवाज चढला नाही, पण खोलीतली खुर्च्यांची कुरकुर थांबली. "आडवी रेघ आहे त्या दिवशी मी गेलो नव्हतो. रस्ता बंद असेल, आजारी असेन. ती काढा, माझं काही म्हणणं नाही. पण रिकामी जागा आहे त्या दिवशी मी गेलो होतो. सकाळपासून दगड उलटे केलेत. एक खेकडा मिळाला नाही."

"मग शून्य लिहायला हवं होतं, सर," पारसनीस नम्रपणे म्हणाले.

"हवं होतं. लिहवलं नाही."

सरांनी लॅपटॉप आपल्याकडे ओढला. एका बोटानं, प्रत्येक अक्षर शोधत, त्यांनी ती ओळ पुसली आणि तिच्या जागी दोन ओळी लिहायला घेतल्या. मी कोपऱ्यातून पाहत होते. आधी रेघा वगळल्या. मग रिकाम्या खणांत शून्य. त्यांनी चालवायचं बटण दाबलं. पडद्यावर लाल अक्षरांत चूक दिसली.

माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "कंस."

"क्षमस्व," शिरगुप्पे सर म्हणाले आणि मागं न बघता कंस बंद केला.

पाहुणा नऊ! एवढे दिवस मी ज्या पोरीला पुढच्या बाकावर बसवत होते, जिला डोळे मिचकावत होते, ती... मी अभ्यास मंडळाच्या बैठकीत हसू नये म्हणून पदराची किनार चावली. आणि तेवढ्यात पडद्यावर नवा आलेख आला, तसं हसू आपोआप गेलं.

रेघ खाली येत होती. एकदम नाही. आधी सावकाश, मग भरभर, आणि शेवटच्या वर्षांत ती तळाला टेकली होती.

पारसनीसांनी पहिला आलेख पुन्हा उघडला. चांगला माणूस होता, सारवासारव केली नाही. "हे मी तसंच छापून टाकलं असतं," ते म्हणाले. मग, "सर, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"विभागात सोय आहे," शिरगुप्पे सर म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले.

पेपर राहिला. ठराव लिहून झाला, चहा झाला, माणसं पांगली. संध्याकाळी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. मी उभीच राहिले. कुठून सुरुवात करावी ते मला कळेना. मी गोगलगायीच्या रूपात त्यांना 'अगं' म्हटलं होतं. 'शहाणी आहेस' म्हटलं होतं. एकदा तर 'बस चुकवू नकोस, आई वाट बघत असेल' असंही लिहिलं होतं.

"बसा," सर म्हणाले. "घाबरू नका. मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं."

"कसं, सर?"

"प्रश्न पाठवला आणि म्हटलं, उत्तर यायला वेळ आहे, तोवर फुरशाची बरणी घेऊन यावी. दार उघडलं तर तुम्ही पाठमोऱ्या. स्क्रीनशी बोलत होता. 'अगं माझे बाई, कंस कोण बंद करणार, तुझा बाप?' असं काहीतरी." त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "मी बरणी न घेताच परत आलो. केबिनमध्ये येऊन बघतो तर स्क्रीनवर उत्तर आलेलं. 'कंस बंद करायला विसरलीस, बाळा.'"

मी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"बाळा म्हणून मला कुणी हाक मारून," सर म्हणाले, "खूप काळ झाला होता."

"मग तुम्ही सांगितलं का नाही? मी समोर बसून शिकवलं असतं."

"शिकवलं नसतं. तुम्ही सर, सर करत बसला असता. मी प्रमुख असल्यासारखा बसलो असतो. सहाव्या मिनिटाला मी म्हटलं असतं, समजलं समजलं, आणि मला काहीही समजलेलं नसतं." त्यांनी टेबलावरचे कागद उगाच सरळ केले. "या वयात लूप म्हणजे काय, हे कुणाला विचारायचं? मुलांना? तुम्हाला? तुमचाच पेपर काढायला निघालो होतो मी."

"काढायला निघाला होता तर मग शिकत का होता, सर?"

"काढायचा तर काय काढतोय ते बघावं म्हटलं," ते म्हणाले. "आणि मग खेकड्यांपर्यंत आलो."

बाहेर व्हरांड्यात कुणाची तरी चाहूल लागली. दारात अल्फिया उभी होती, पाठीला निळी पिशवी. सरांनीच तिला बोलावलं होतं. त्यांना सगळा तक्ता नीट करायचा होता, आणि मदतीला वर्गातलं कोण चांगलं, असं त्यांनी मला सकाळीच विचारलं होतं. मी न अडखळता हिचं नाव सांगितलं होतं. माझा समज चुकीचा निघाला होता, पण नाव चुकलं नव्हतं. ती खरंच सगळ्यांत चांगली झाली होती.

"मॅडम," बाहेर पडताना तिनं मला गाठलं, "एक विचारू? तुम्ही मला पहिल्यापासून हुशार का समजत होता? मला तर काही येत नव्हतं."

"तुझ्याकडे बघून वाटलं," मी म्हणाले. अजूनही मी तिला याहून जास्त काही सांगितलेलं नाही. ती आता एका संशोधन संस्थेत आहे आणि तिच्या हाताखालच्या पोरांना पुढच्या बाकावर बसवते, असं ऐकते.

दुसऱ्या दिवसापासून ती सरांच्या केबिनमध्ये बसू लागली. मला वाटलं होतं दुपारपर्यंत काम होईल. दोन ओळींचं तर होतं. पण चार दिवस झाले तरी तक्ता आला नाही, म्हणून मी तिला व्हरांड्यात अडवलं.

"अगं, शून्यच भरायचे आहेत ना? एका झटक्यात होतात की."

"मी सांगितलो त्यांना, मॅडम. ते म्हणाले, होतात, पण हे मी भरणार." ती पिशवीचा पट्टा नीट करत म्हणाली. "एका एका रिकाम्या जागेला थांबतात. कुठला ओढा, बरोबर कोण होतं, भाकरीबरोबर काय होतं, कुठल्या दगडावर पाय घसरला, सगळं सांगतात. मग शून्य दाबतात. आज दिवसभरात एकच पावसाळा झाला."

"मग? तुझी बस चुकते ना रोज?"

"चुकते," अल्फिया म्हणाली. "उद्या पण थांबणार आहे."